सह्यांचं वय

गोव्यातलं एखादं जुनं विक्रीखत उघडा. विकणाऱ्यांच्या यादीत बाईचं नाव आलं की त्यात बहुतेक वेळा 'उर्फ' असतं. माहेरचं नाव, उर्फ सासरचं नाव. हिंदू घरांत लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलायची रीत. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून घराने तिला त्याच नावाने हाक मारायची. जन्मनोंद मात्र जुन्या नावावर राहते. शाळेचा दाखला जुन्या नावाचा, रेशनकार्ड नव्या नावाचं, आधार नव्या नावाचं, आणि वडिलांच्या घराचा कागद निघाला की पुन्हा जुनं नाव. म्हणून कधी ना कधी तिला नोटरीसमोर बसून प्रतिज्ञापत्र करावं लागतं की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.

पन्नाशीची बाई, तिचा नवरा, मुलं, म्हातारी सासू, आणि या सगळ्यांत राहून स्वतःकडे नव्याने बघणं, एवढ्याच विषयावरच्या शांत कादंबरीला आपल्याकडे 'घरगुती' म्हणून एका शब्दात वाटेला लावतात. परीक्षणात 'तरल', 'हळुवार' असं काहीतरी येतं. ग्रंथालयात ती महिला विभागाच्या कपाटात जाते. वाचून परत करणारा म्हणतो, छान आहे, पण घडत काही नाही. माझं म्हणणं असं की निदान गोव्यात तरी हिच्याइतकी सार्वजनिक कादंबरी दुसरी नाही. जमीन, नाव, भाषा, देऊळ, सरकारी कचेरी, सगळं तिच्यात येतं, कारण हे सगळं या वयाच्या बाईपर्यंत येऊन थांबतं. ते पानांवर दिसत नसेल तर लिहिणाऱ्याने ते नीट मांडलेलं नाही, किंवा वाचणाऱ्याला ते मोजायची सवय नाही. दोन्ही सुधारता येतं.

आधी जमीन घेऊ. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि बहुतेक घरांत तो केलेला नसतो, तर या संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता एक होते आणि तीत दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा असतो. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. नवरा गेला की बायकोला अर्धं 'मिळतं' असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. तिचं अर्धं आधीपासून तिचंच असतं. वारसा उघडतो तो फक्त त्याच्या अर्ध्याचा. पण त्याच संहितेने या सगळ्याचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला. मालकी अर्धी, पण कुठे काय आहे ते ठाऊक नाही, अशी तीस-तीस वर्षं त्यात गेली आहेत.

वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आहे. त्याच्या नावात २०१२ आहे, अमलात तो २०१६ मध्ये आला. मुलगा आणि मुलगी सारखेच वारस. आईवडिलांना आपल्या हिश्श्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखावाच लागतो, मनात आलं म्हणून मृत्युपत्र करून मुलीला वगळता येत नाही. त्यामुळे भावांना घराचं काही करायचं असलं की बहिणीच्या दारात यावंच लागतं: एक तर तिचा हिस्सा द्यायला, नाही तर हक्क सोडल्याची सही मागायला. ती विवाहित असेल तर त्या कागदावर तिच्या नवऱ्याचीही सही घेतात.

आता वयाचा हिशोब बघा. आईवडील जातात तेव्हा लेक साधारण पंचेचाळीस ते साठच्या मधली असते. सासरची जागा बिल्डरला द्यायची, मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण टाकायचं, दिरांमध्ये वाटण्या करायच्या, हेही याच वर्षांत येतं. तोवर तिला कुणी काही विचारलेलं नसतं आणि आता प्रत्येकाला तिची गरज असते, तीही एका जागी, बोट ठेवून दाखवलेल्या रेघेवर. 'हांगा सय कर.' मध्यमवय हे गोव्यातल्या बाईचं सह्यांचं वय आहे. अशी एखादी कादंबरी डोळ्यांसमोर आणा; तिची नायिका बावन्न वर्षांची असते ती उगाच नाही. पंचविसाव्या वर्षी तिच्याकडे कुणी कागद घेऊन आलं नसतं.

हा प्रसंग लिहायचा कसा, हे थोडं जवळून बघण्यासारखं आहे, कारण शांत कादंबरी जमते किंवा फसते ती इथेच. उपनिबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवायचा तर तो केल्यापासून चार महिन्यांत न्यावा लागतो. सह्या करणाऱ्यांनी स्वतः हजर राहायचं, फोटो द्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. उपनिबंधक विचारतो, हा दस्त तुम्हीच केला, मजकूर मान्य आहे ना? कादंबरीत नायिका रांगेत बसली आहे. नवऱ्याच्या मांडीवर फाईल, तिच्या मांडीवर पर्स. तिची पाळी येते आणि यंत्र तिचा अंगठा घेत नाही. वर्षानुवर्षं आदोळीवर नारळ किसून, चिंचेने तांबं घासून, राखेने आणि पुढे साबणाच्या वडीने भांडी धुऊन बोटांच्या टोकांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. कारकून म्हणतो, पुसून परत ठेवा. ती पदराला पुसते. पुन्हा नाही. दुसरं बोट. पुन्हा नाही. मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघतं. नवरा म्हणतो, जोराने दाब. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागतो.

एवढंच लिहावं. इथे पुष्कळ जणांचा हात घसरतो आणि ते पुढचं वाक्य लिहितात: तिला वाटलं, आपली ओळखच पुसली गेली आहे. हे वाक्य आलं की प्रसंग मेला, कारण वाचकाने जे स्वतः पाहिलं तेच त्याला परत सांगितलं गेलं. दुसरी चूक उलट्या टोकाची, प्रसंगाला कोर्टातल्या नाटकाचा रंग द्यायचा: ती उठते, सही नाकारते, कागद फाडते. नाकारू नये असं नाही. पण तिने नाकारण्याआधी तो कागद वाचायला मागितला पाहिजे, आणि वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा घरी राहिला आहे, कारण आज काही वाचायचं आहे असं तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ही साखळी जितकी बारीक आणि खरी, तितका तो नकार वाचकाला पटेल. पुढच्या प्रकरणात तिने पर्समध्ये चष्मा ठेवला एवढं अर्ध्या ओळीत आलं तरी वाचक सावरून बसतो.

घडत काही नाही, या तक्रारीला माझं उत्तर हेच आहे. घडणं मोजायचं माप बदलावं लागतं. घरातल्या कुठल्या चार गोष्टी पहिल्या पानावर एका जागी होत्या आणि शेवटच्या पानावर दुसऱ्या जागी आहेत, ते बघायचं: किल्ली, पासबुक, दुपारची वेळ, ताटाभोवतीची जागा.

यातली दुपारची वेळ पुरुमेंतातून दाखवता येते. पुरुमेंत म्हणजे मे महिन्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, खोबरेल, लोणची, सोलं म्हणजे आमसुलं. फक्त सोलांचा हिशोब घेऊ. सात माणसांच्या घरात माशांच्या हुमणाला आणि कढीला मिळून दिवसाला दहा सोलं धरली तर जून ते सप्टेंबर बाराशे सोलं लागतात. एका भिरंडाची, म्हणजे कोकमाच्या फळाची, दोन. म्हणजे सहाशे भिरंडं. ती धुवायची, कापायची, बियांचा गर मीठ घालून पातेल्यात ठेवायचा, सालं उन्हात. संध्याकाळी ती सालं त्याच रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असं सहा-सात दिवस, सोल काळं आणि मऊ होईपर्यंत. बुडवायचा एखादा दिवस चुकला तर सोल फिकट आणि चिवट होतं. मेअखेरीला वळवाची सर आली आणि सुपं आत घ्यायला पाच मिनिटं उशीर झाला तर आठवड्याने बुरशी धरते आणि सगळं टाकावं लागतं. म्हणून त्या आठवड्यात ती बाई कुठेही जात नाही.

कादंबरीच्या पहिल्या मे महिन्यात ती नेहमीसारखी सहाशे भिरंडं घेते. घरात माणसं आता तीन. थोरला पुण्याला, धाकटी परदेशात, दीर वेगळे झाले, सासरे गेले. घरात कुणी काही म्हणत नाही, कारण पुरुमेंत किती भरायचा हा विचार आजवर तिच्याशिवाय कुणी केलेलाच नाही. ऑक्टोबरात बरणी अर्ध्याहून जास्त भरलेली. दुसऱ्या मे महिन्यात ती बाजारात उभी राहून मनात मोजते आणि अडीचशे घेते. दोन हातांना सहाशे भिरंडं कापायला सगळी दुपार जाते, अडीचशेंना तीच दुपार अर्धी पुरते. राहिलेल्या अर्ध्या दुपारी ती काय करते? पहिल्या दिवशी काहीच नाही. बसून राहते. मला विचाराल तर कादंबरीचा मध्य हा आहे. स्वतःकडे वळणं म्हणतात त्याची सुरुवात छंदापासून होत नाही. ती घरातली माणसं पुन्हा मोजण्यापासून होते, आणि त्या मोजदादीत स्वतःलाही धरावं लागतं.

या जागी सोप्या वाटा फार आहेत, आणि त्या सगळ्या माहीत असलेल्या बऱ्या. कॉलेजातला जुना मित्र अचानक भेटतो. आईच्या ट्रंकेत डायरी सापडते. नवऱ्याचं बाहेर काहीतरी असल्याचं कळतं, किंवा तो प्रकरण तीनमध्ये हृदयविकाराने जातो. मैत्रिणी तिला हिमालयात नेतात. शिकलेली मुलगी जेवणाच्या टेबलावर भाषण करते आणि आईचे डोळे उघडतात. यातला प्रत्येक प्रसंग आयुष्यात घडतो, त्याबद्दल वाद नाही. अडचण ही की या सगळ्यांत बदलाचं कारण बाहेरून येतं, आणि मग त्याआधीची तीस वर्षं ती काही विचारच करत नव्हती असा अर्थ निघतो. तो तिच्यावर अन्याय आहे. ती विचार करत होती. तिला वेळ नव्हता आणि कुणी विचारलं नव्हतं.

नवऱ्याला खलनायक करणं ही त्यातली सर्वांत वाईट वाट. गोव्यातला हा नवरा बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, ओसरीवर पेपर वाचणारा, देवस्थानच्या कमिटीत असलेला, हात न उगारणारा गृहस्थ असतो. त्याचा दोष एवढाच की त्याला कधी विचारावं लागलं नाही. असा माणूस लिहायला कठीण, कारण वाचकाला तो आवडला पाहिजे आणि तरी तिची बाजू सुटता कामा नये. डिचोली, सत्तरी, सांगेकडची, म्हणजे लोहखनिजाच्या खाणींच्या भागातली कादंबरी असेल तर तो ट्रकवाला असू शकतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. अंगणात तुळशीच्या पलीकडे उभा राहिलेला ट्रक, त्याचे हप्ते, तिच्या पाटल्या. तिथे त्याच्या गप्प बसण्याचंही कारण वाचकाला कळतं. खाणीवर भाषण न करता खाण कादंबरीत येते.

पैशाचं एक वेगळं सांगायला हवं. 'गृह आधार' योजना २०१२ मध्ये सुरू झाली. पात्र गृहिणीच्या खात्यात महिन्याला ठरावीक रक्कम येते, आता ती १५०० रुपये आहे. रक्कम लहान, पण पुष्कळ बायकांचं स्वतःच्या एकटीच्या नावाचं पहिलं पासबुक ते हेच. कार्ड कुणाच्या पाकिटात असतं, पिन कुणाला ठाऊक आहे, पैसे आल्याचा मेसेज कुणाच्या फोनवर येतो, या तीन प्रश्नांची उत्तरं एका प्रसंगात आली तर त्या घराबद्दल दुसरं काही सांगावं लागत नाही.

शरीराबद्दल मराठी कादंबरी अजून लाजते. पाळी जाण्याचं भारतातलं सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. कादंबरी एका चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, दुसऱ्या चवथीपर्यंत चालत असेल तर ते बारा महिने तिच्या आतच आहेत. चवथ आणि पाळी यांचा संबंध घराघरांत ठाऊक आहे, छापील पानावर तो क्वचित येतो. तारीख चवथीला अडणार असली की गोळी घ्यायची. नोरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊन गेला आहे त्यांना ही गोळी धोक्याची असते, आणि तरी ती डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणली जाते, कारण नैवेद्य कोण करणार? पंचवीस-तीस चवथींचं वेळापत्रक या गोळीभोवती बांधलेलं असतं. मग एका वर्षी ती मेडिकलच्या दुकानासमोरून जाते आणि आत शिरायचं कारण उरलेलं नसतं. त्या क्षणी तिला काय वाटतं? सुटका, की वय झाल्याची बोच, की राग, की देवघर आता बारा महिने आपलं याचं समाधान? मला वाटतं चारही, आणि कादंबरीने चौघांना जागा द्यावी. हे लिहिण्यात काही अश्लील नाही. न लिहिण्यात मात्र नुकसान आहे.

यानंतर भाषा, आणि इथे गोव्याची अडचण महाराष्ट्रातल्या लेखकापेक्षा वेगळी आहे. ही बाई घरात कोकणी बोलते. पोथी, आरती, रविवारची पुरवणी मराठीत. बँकेचा अर्ज इंग्रजीत. मुक्तीनंतर १९६३ मध्ये पहिलं लोकनियुक्त सरकार आलं आणि पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आज पन्नाशी-साठीत असलेल्या किती तरी बायका त्या शाळांत चौथीपर्यंत शिकल्या आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात गेल्या. मराठी ही त्यांची पहिली लिहिती भाषा. त्यांच्या मुलांना मात्र मराठी कळते, वाचायला जड जाते. म्हणजे या बाईने वहीत मराठीत चार ओळी लिहून वही टेबलावर उघडी ठेवली तरी घरातलं तरुण माणूस ती सहसा वाचणार नाही. स्वतःची खोली नसलेल्या बाईला मराठीचं पान ही खोली आहे. दुसऱ्या बाजूने बघितलं तर हीच खंतही आहे: तिने लिहिलेलं तिच्या लेकीपर्यंत पोचणार नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराला वाव राहिला. त्यावर दोन्ही बाजूंनी आजही हिरिरीने बोललं जातं. त्या वादात ही बाई कुणाच्याच व्यासपीठावर नसते, आणि दोन्ही भाषा रोज वापरते ती.

लेखकासाठी यातून एक काम निघतं. संवाद कुठल्या भाषेत, हे पहिल्या वीस पानांत ठरवून वाचकाला शिकवावं लागतं. सगळं पुणेरी प्रमाण मराठीत लिहिलं तर घर खोटं वाटतं. सगळे संवाद कोकणीत लिहिले तर सांगली-नाशिकचा वाचक अडखळतो. जमतं ते असं: निवेदन मराठीत, नवऱ्याशी आणि सासूशी तिचं छोटं बोलणं कोकणीत, एका वेळी तीन-चार शब्दांचं, तेही संदर्भाने कळेल असं. लांब भांडण मराठीत, पण कोकणीच्या वळणाने. तळटीपा नकोत, आणि मागे शब्दार्थांची यादीही नको. 'पुरुमेंत', 'रांदणी', 'माटोळी' हे शब्द कृतीतून कळतात. एकदा नियम केला की मोडायचा तो फक्त एका जागी, जिथे ती पहिल्यांदा नवऱ्याशी मराठीत, वहीतल्या भाषेत, बोलते. वाचकाच्या कानाला तो बदल लगेच लागतो.

लांबीबद्दल थोडक्यात. डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात. सोळा पानांचा एक फर्मा, असे चौदा फर्मे म्हणजे २२४ पानं, पासष्ट हजारांच्या आसपास शब्द. शांत कादंबरीला याहून जास्त ओझं झेपत नाही. साडेतीनशे पानं झाली की लेखक घरातल्या प्रत्येकाचा पूर्वेतिहास सांगायला लागतो आणि बाई हरवते.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. ही सगळी जमीनवाल्यांची गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. जिच्या नावावर अर्धं घरच नाही तिचं काय? आक्षेप खरा आहे. याच घराच्या मागच्या आवाराला मुंडकाराचं, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत राहणाऱ्या कुटुंबाचं घर असतं आणि तिथली बाई या स्वयंपाकघरात भांडी घासायला येते. दोघींचं वय सारखं, दोघींचे अंगठे सारखेच झिजलेले. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तिच्या घरालाही हक्क दिला, आणि ते घर आपल्या नावावर करून घ्यायला तिचं कुटुंब वर्षानुवर्षं मामलेदाराच्या कचेरीत खेपा घालतं. नायिकेने आपला अर्धा हिस्सा ओळखला आणि त्याच प्रकरणात मागच्या बाईला तिच्या घराच्या जागेवरून उडवून लावलं, असंही होऊ शकतं. चांगली कादंबरी हे लपवणार नाही. नायिका आपल्या नवऱ्यासारखीच कधी न विचारणारी आहे, हे तिला आणि वाचकाला एकदम कळलं पाहिजे. घरकाम करणारी बाई फक्त 'जीव लावणारी' म्हणून येत असेल तर ती कादंबरी अर्धीच लिहिली गेली आहे. नायिका घर सोडून जात नाही, म्हणजे ही तडजोड, असाही एक आक्षेप असतो. तो मला तितका वजनदार वाटत नाही. ज्या घराची ती अर्धी मालकीण आहे ते तिने का सोडावं?

राहता राहिला वाचण्याचा प्रश्न. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. पणजीतलं मध्यवर्ती ग्रंथालय आज कृष्णदास शामांचं नाव लावतं, ज्यांनी १५२६ मध्ये मराठीत कृष्णचरित्र लिहायला घेतलं. १९९३ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत. माझ्या मागण्या अगदी छोट्या आहेत. अशा कादंबऱ्या महिला विभागातून काढून कादंबऱ्यांच्या मुख्य कपाटात, लेखकाच्या आडनावाच्या क्रमाने लावा, म्हणजे पुरुषांच्या हाताला त्या लागतील. आणि एकेका वाचनालयाने सुट्या शंभर पुस्तकांऐवजी निवडक दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घेऊन बघाव्यात. एका प्रतीवर वाचनमंडळ चालत नाही. पहिली वाचक पुस्तक संपवेपर्यंत दहाव्या वाचकाचा उत्साह गेलेला असतो.

मंडळ आठ ते दहा जणांचं पुरे. त्यात दोन-तीन पुरुष असावेत, नवरे असले तरी चालतील. वेळ दुपारी साडेतीन ते पाच. त्याआधी जेवणं आणि आवराआवर असते, पाचनंतर चहा आणि दिवेलागण. जागा शाळेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली. देवळाचा हॉल मोफत मिळतो, पण दर बैठकीला एक-दोघी न सांगता गैरहजर राहतात, आणि कारण सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नाही. दीपप्रज्वलन नको, पाहुणे नकोत. महिन्याला पन्नास पानं, म्हणजे २२४ पानांची कादंबरी पाच महिन्यांत होते. सुरुवातीला प्रत्येकाने एक पान मोठ्याने वाचायचं. ज्यांचं मराठी वाचन सुटलेलं आहे त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत ते परत येतं.

चर्चेत पहिला प्रश्न 'तुम्हाला काय वाटलं' हा नसावा. त्यावर सगळे छान छान बोलतात आणि गप्प होतात. कागदावर घराचा नकाशा काढून सुरुवात करावी: ओसरी कुठे, स्वयंपाकघर कुठे, ती कुठे बसून लिहिते, फाईल कुठल्या कपाटात आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे. मग या पन्नास पानांत तिने किती वेळा सही केली आणि त्यातलं किती वाचून केली, ते मोजावं. त्यानंतर बोलणं थांबवावं लागतं, सुरू करावं लागत नाही. पुढच्या बैठकीची तारीख उठण्याआधी ठरवून घ्यावी. मे महिन्याचा सोलांचा आठवडा आणि चवथीचे पंधरा दिवस सोडून.